आगरातले घर, घरातले पाहुणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दापोली तालुक्यात अंजर्ले आणि केळशी यांच्या दरम्यानच्या किनाऱ्यावर आमचे नारळी-पोफळीचे आगर आहे, आणि त्या आगरातल्या जुन्या घरात आम्ही पाहुण्यांची राहण्या-जेवण्याची सोय करतो. रात्रीची जेवणे आटोपून मंडळी पडवीत बसली की घराविषयी तेच ते प्रश्न निघतात, आणि दिवसभराच्या कामानंतर दिलेली उत्तरे बहुधा अर्धवट राहतात. ती इथे सविस्तर लिहिली आहेत. खोल्यांचे दर आणि आरक्षण यांची माहिती या पानावर नाही. हे पान घराच्या आणि आगराच्या इतिहासापुरते आहे.

हे घर किती जुने आहे?

घर एका वेळी बांधलेले नसल्यामुळे त्याचे वय एका आकड्यात सांगणे खरे ठरणार नाही. माजघर, देवघर आणि बाळंतिणीची खोली हा सर्वांत जुना भाग असून तो पणजोबांच्या वडिलांनी बांधला. तेव्हा वर पेंढ्याचे छप्पर होते, म्हणजे घर केंबळी होते. ओटी आणि पडवी पणजोबांनी काढली. त्यांच्याच हयातीत छपरावर कुंभाराच्या हातची नळीची कौले आली, आणि पुढे आजोबांनी ती उतरवून मंगलोरी कौले चढवली. बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि त्यानंतर ही चपटी, एकमेकींत अडकणारी कौले समुद्रमार्गाने पश्चिम किनाऱ्यावर सर्वदूर पोहोचली. कोकणातल्या घरांचे रूप त्यांनी जितके बदलले तितके दुसऱ्या कोणत्याही एका वस्तूने बदलले नसावे.

भिंती जांभ्या दगडाच्या आहेत. सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्याच्या खडकाळ पठारावरच्या, खाणीतून काढलेला चिरा ताजा असताना कुऱ्हाडीने घडवता येईल इतका मऊ असतो आणि उन्हावाऱ्यात राहिला की कठीण होत जातो. चिऱ्यांमधल्या दर्जांत चुना नाही, माती आहे. खांब फणसाचे आणि तुळया ऐनाच्या आहेत. माजघरातल्या डाव्या हाताच्या खांबावर कमरेच्या उंचीला कोयत्याच्या टोकाने मारलेल्या रेघा दिसतील, चार उभ्या आणि त्यांना छेदणारी एक आडवी, अशा पाच-पाचच्या जुड्या. तो भात मोजताना ठेवलेला हिशेब आहे. दुरुस्तीच्या वेळी सुताराने तो खांब रंधून पॉलिश करण्याची तयारी केली होती. आम्ही त्याला हात लावू दिला नाही.

आगर म्हणजे नेमके काय?

समुद्राकडून डोंगराकडे चालत आलात तर आधी पुळण लागते, मग सुरूचे बन, मग गावाची पाखाडी, म्हणजे दगडी वाट, आणि तिच्या दोन्ही अंगांना घरे. घराभोवतीची आणि घरामागची जी वाळूमिश्रित, सपाट, विहिरीच्या पाण्यावर भिजणारी जमीन असते ते आगर. त्यात वर माड, त्याखाली पोफळी, त्यांच्या अंगावर मिरीचे वेल आणि सावलीत केळी, जायफळ, दालचिनी अशी एकावर एक लागवड असते. डोंगराच्या उतारावर आंबा, काजू आणि वरकस म्हणजे हलकी जमीन, तर मधल्या सखल भागात भाताचे मळे असतात. बाहेरून आलेल्या माणसाला हे सगळे एकच हिरवे रान वाटते, परंतु गावच्या माणसाच्या लेखी या तीन अगदी वेगळ्या जमिनी आहेत. त्यांचे पाणी वेगळे, त्यांचे कायदे वेगळे आणि त्यांच्यावर राबलेली माणसेही वेगळी.

आगराचे तुकडे लांबट आणि अरुंद का, असेही विचारले जाते. प्रत्येक वाटणीत प्रत्येक भावाला पाखाडीपाशी घराची जागा, विहिरीचे पाणी आणि मागे थोडी लागवड मिळावी म्हणून जमीन उभी कापली गेली. चार पिढ्यांत आमचा तुकडा इतका निमुळता झाला आहे की कुंपणाच्या गडग्यावरून शेजारच्या काकूंशी बोलताना आवाज चढवावा लागत नाही.

आपले कुटुंब खोत होते का?

होय. गावच्या खोतीत आमच्या घराची एक तक्षीम, म्हणजे वाटा, होती, आणि विचारणाऱ्याला आम्ही ते आडपडदा न ठेवता सांगतो.

खोत म्हणजे गावाचा सारा सरकारात भरण्याची वंशपरंपरेची जबाबदारी असलेला माणूस, अशी व्याख्या कागदावर होती. प्रत्यक्षात तो कुळांकडून साऱ्यापेक्षा पुष्कळ अधिक वसूल करी. भातजमिनीच्या पिकातला निम्मा वाटा घेतला जाई, त्याला अर्धेल म्हणत. तिसरा हिस्सा घेतला जाई तिथे तिर्धेल म्हणत. त्याशिवाय खोताच्या घरी वेठीने काम करावे लागे, ते वेगळेच. १८८० च्या खोती कायद्याने हे हक्क सरकारी दप्तरात बांधून दिले, पण कुळाच्या घरातली चूल त्यामुळे फारशी बदलली नाही. अलिबागजवळच्या चरी गावात १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी जमिनी न कसण्याचा संप पुकारला आणि तो सहा वर्षे चालवला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. त्यांचे मूळ गाव आंबडवे आमच्या शेजारच्या मंडणगड तालुक्यातले. त्यांच्या बालपणाचा काही काळ दापोलीतही गेला. खोती म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगावे लागले नव्हते. अखेर १९४९ च्या कायद्याने खोती गेली, आणि कूळकायद्याखाली १ एप्रिल १९५७ या दिवशी कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले.

आमच्या घराकडचे मळे आणि वरकस जमीन अशा रीतीने कसणाऱ्यांकडे गेली, आणि घरच्या माणसांनी स्वतः राबवलेले आगर तेवढे राहिले. त्या वर्षांत घरात झालेली हळहळ आम्ही मोठ्यांच्या तोंडून ऐकली आहे. परंतु आजोबा स्वतःच असेही सांगत की माजघराच्या भिंतीतले चिरे सड्यावरून डोक्यावर वाहून आणणाऱ्यांना मजुरी मिळाली नव्हती. ते वेठीचे काम होते. घर पाहायला येणारा प्रत्येक जण त्या भिंतींचे कौतुक करतो, म्हणून ही गोष्ट त्याला ठाऊक असणे आम्हाला आवश्यक वाटते. पाहुण्यांसाठी घर उघडताना नावात ‘खोताचा वाडा’ असे शब्द असावेत, त्याने लोक ओढले जातात, असा सल्ला एका हितचिंतकांनी दिला होता. तो आम्ही घेतला नाही. तुमच्या ताटातला तांदूळ त्याच मळ्यांतला आहे. आज ते ज्यांच्या मालकीचे आहेत त्या घरांकडून आम्ही तो बाजारभावाने विकत घेतो.

विहिरीजवळचे गोल जोते कशाचे आहे?

ते रहाटाचे आहे. विहिरीवर लाकडी चाक असे आणि त्यावरून दोरांची माळ पाण्यापर्यंत सोडलेली असे, तिला हातभर अंतरावर मडकी बांधलेली असत. जोत्यावर रेडा गोल फिरू लागला की मडकी भरून वर येत, पन्हळीत रिकामी होत आणि पालथी होऊन पुन्हा खाली जात. पन्हळीतले पाणी डोणीत, डोणीतून पाटात आणि पाटातून एकेका आळ्यात. पाटाचे तोंड मातीने बुजवून पुढचे आळे उघडण्याचे काम मुलांकडे असे, आणि वडिलांच्या सांगण्याप्रमाणे पायांना पाण्याचा गारवा लागला की झोप अनावर होई, मग एखादे आळे तुडुंब भरून वाहून जाई आणि रहाटावरून ओरडा ऐकू येई. विहीर सामाईक असल्यामुळे भाऊबंदांच्या पाळ्या ठरलेल्या होत्या. पाळी संपली की नाही, हे विहिरीच्या काठावरच्या एका उभ्या चिऱ्याची सावली कुठवर आली यावरून ठरवत. तो चिरा अजून तिथेच आहे.

रेडा दिवसभर फिरला तरी ठरावीकच पाणी वर येई, आणि आता मागे वळून पाहता त्यातच विहिरीचे भले होते. पुढे डिझेलचे इंजिन आले, मग विजेचा पंप. दोन तासांत आगर भिजू लागले, तेव्हा सगळ्यांनी दुप्पट भिजवायला सुरुवात केली. काही उन्हाळ्यांतच विहिरीचे पाणी मचूळ लागू लागले आणि पोफळींच्या झावळ्या टोकाकडून करपत आत येऊ लागल्या. किनाऱ्यावरच्या वाळूत पावसाचे गोड पाणी खाली झिरपलेल्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. खारे पाणी जड असते, गोडे हलके, आणि त्यांच्या वजनातला फरक इतका थोडा आहे की गोड्या पाण्याची पातळी एक फूट उतरली तर खालून खारे पाणी सुमारे ४० फूट वर सरकू शकते. वडिलांनी पुस्तकात हे वाचलेले नव्हते. त्यांनी पाण्याची चव घेऊन पंप दिवसाआड चालवायचे ठरवले आणि भाऊबंदांच्या दारोदार जाऊन तेच करायला लावले. पाणी ताळ्यावर यायला तीन पावसाळे लागले.

पोहण्याचा तलाव का बांधला नाही?

वरचे उत्तर वाचल्यावर याचे कारण लक्षात येईल. त्याच कारणाने न्हाणीघरात बादली आणि तांब्या ठेवला आहे.

मग हे घर मधल्या काळात बंद का होते?

कोकणातली बहुतेक घरे ज्या कारणाने बंद पडली त्याच कारणाने हेही पडले. आगराच्या उत्पन्नावर एक घर निभावते, चार भावांची चार बिऱ्हाडे निभावत नाहीत. आजोबांचे थोरले भाऊ मुंबईला गेले ते हर्णै बंदरातून बोटीने गेले. बोट धक्क्याला लागत नसे, खोल पाण्यात उभी राही, आणि माणसे, आंब्याच्या पेट्या, तांदळाची गाठोडी, रडणारी मुले असे सगळे पडावातून तिच्यापर्यंत जाई. पावसाळ्यात ही वाहतूक बंद असे. गिरगावातल्या एका खोलीत आमच्या घरची आठ माणसे राहत आणि महिन्याला मनीऑर्डर येई; तिच्यावर इकडे कौले परतली जात. पुढच्या पिढीत शिक्षणासाठी गेलेली मुले शहरातच स्थिरावली. शेवटी आजी एकटी इथे होती. ती गेल्यावर दाराला कुलूप लागले आणि ते सहा पावसाळे राहिले.

कोकणातले घर उभे राहते ते आत माणूस वावरतो म्हणून. चुलीचा धूर रोज वाशांतून आणि कौलांतून बाहेर पडत असतो, तो लाकडाला वाळवी आणि भुंगा लागू देत नाही. जमीन सारवली जाते म्हणून तिला भेगा पडत नाहीत. पावसाच्या तोंडावर कुणीतरी छपरावर चढून कौले परतते. घराला कुलूप लागले की हे सगळे एका दिवसात थांबते. आमच्या घराचे नुकसान एका कौलापासून सुरू झाले. माजघराच्या मागच्या बाजूला एक कौल, बहुधा मांजराच्या किंवा वानराच्या पायाने, चार बोटे सरकले. पहिल्या वर्षी तिथून पाणी फक्त वाशावर ठिबकले. दुसऱ्या वर्षी वासा काळा पडला, तिसऱ्या वर्षी तो वाकला आणि शेजारची दहा-बारा कौले घसरली, आणि मग पाणी थेट भिंतीच्या माथ्यावर पडू लागले. भिंत मातीच्या दर्जांची, ती आतून धुऊन निघाली. आम्ही सहाव्या वर्षी दार उघडले तेव्हा माजघरात उजेड होता. त्या खोलीत दिवसाही दिवा लावावा लागतो, हे लहानपणापासून पाहिलेल्या आम्हा भावंडांना तो उजेड पाहून जे वाटले ते लिहिणे कठीण आहे.

पाहुण्यांची सोय करायचे कसे ठरले?

घर दुरुस्त करायला पैसा लागणार होता, पण त्याहून अधिक गरज होती ती वर्षभर कुणीतरी इथे राहण्याची, आणि ज्याने राहायचे त्याला पोटापुरते मिळण्याची. आगर एकट्याने ते देत नव्हते. त्याच सुमारास मंडणगड तालुक्यातल्या वेळास गावाचे उदाहरण डोळ्यांसमोर होते. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने तिथे २००२ साली ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंड्यांचे संरक्षण सुरू केले. पुढे पिले समुद्राकडे जाताना पाहायला लोक येऊ लागले आणि गावकऱ्यांनी हॉटेल न बांधता आपल्याच घरांत त्यांना उतरवून घेतले. पाहुणा पंगतीला बसतो, घरचेच जेवतो आणि त्याचे पैसे घरातल्या बाईच्या हातात पडतात, हे आम्ही तिथे पाहिले.

सर्वांत मोठी अडचण पैशाची नव्हती. दारात आलेल्याला जेवल्याशिवाय जाऊ देऊ नये, असे मानणाऱ्या घरात जेवणाचे पैसे घ्यायचे, ही गोष्ट धाकट्या काकूंच्या गळी उतरेना. त्यांनी पहिल्या हंगामात स्वयंपाक केला, पण पैसे घेतले जात असताना त्या मागच्या दारी जाऊन बसत. त्यांचे मन वळवण्याचा आम्ही प्रयत्न केला नाही. दुसऱ्या वर्षी सारवायला आणि भांड्यांना येणाऱ्या दोघी जणींचा पगार याच पैशांतून निघतो, हे त्यांनी पाहिले, आणि तेव्हापासून हिशेबाची वही त्यांच्याकडे आहे.

जमीन अनेकांच्या नावे असताना हे कसे जमले?

हा प्रश्न बहुधा कोकणातलेच पाहुणे विचारतात, आणि सगळ्यांसमोर न विचारता बाजूला घेऊन विचारतात. आमच्या सातबाऱ्यावर एकवीस नावे होती, त्यांतली सहा मयत. आधी वारसनोंदी करून घेतल्या; त्याला तलाठ्याकडे आणि तहसिलीत घातलेले हेलपाटे धरून अडीच वर्षे गेली. आत्यांचा आणि त्यांच्या मुलांचा हक्क आम्ही पहिल्यापासून धरून चाललो. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांइतकाच हक्क दिला आहे, पण कायदा नसता तरी ज्या आत्याने लग्नापर्यंत या आगरात सुपाऱ्या सोलल्या तिला विचारल्याशिवाय काही करणे आम्हाला जमले नसते.

सगळ्यांनी लेखी संमती दिली आणि अटी ठरल्या. घर विकायचे नाही, गहाण टाकायचे नाही. चालवणाऱ्याने आधी दुरुस्तीचा खर्च काढायचा, उरलेल्यातून स्वतःचा मेहनताना घ्यायचा, आणि राहिलेले हिश्शाप्रमाणे वाटायचे. गणपतीत सगळे जमतात तेव्हा वर्षाचा जमाखर्च ओटीवर वाचला जातो. एका नातलगांनी संमती द्यायला चार वर्षे घेतली आणि त्या काळात घराच्या उत्तरेकडच्या पडवीला हात लावता आला नाही. ती पडवी त्यातच पडली. आज ते दर वर्षी इथे येऊन राहतात, आणि पडवी पुन्हा बांधताना पहिला चिरा त्यांनीच ठेवला.

२०२० च्या चक्रीवादळात काय झाले?

निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने जमिनीवर आले. दापोली आणि मंडणगडचा किनारा त्याच्या तडाख्यात पूर्ण सापडला. टाळेबंदीमुळे मार्चपासून घरात एकही पाहुणा नव्हता. घरची सहा माणसे आणि शेजारच्या पत्र्याच्या घरातली चौघे अशी दहा जणे माजघरात बसलो, कारण सर्वांत जाड भिंती तिथल्या होत्या. वाऱ्याचा आवाज इतका होता की बाहेर झाडे पडताना ऐकू आली नाहीत. जमिनीवर टेकलेल्या तळहाताला एकेक हादरा तेवढा जाणवे, आणि काकू ते हादरे मोजत होत्या. पुढे त्यांनी मोजणे सोडून दिले.

संध्याकाळी दार उघडले तेव्हा मागच्या दारातून समुद्र दिसला. घरातून समुद्र दिसत असल्याचे आमच्या कुठल्याच पिढीला ठाऊक नव्हते. पोफळींतल्या निम्म्याहून अधिक पडल्या होत्या. पोफळ उंच आणि सडपातळ असते, एक पडली की दुसरीला घेऊन जाते. माड त्या मानाने टिकले, पण त्यांतल्या कित्येकांचे शेंडे पिळून मोडले होते आणि ते पुढच्या वर्षभरात वाळले. जायफळाची झाडे उभी राहिली म्हणून आम्ही समाधान मानले, ते फार काळ टिकले नाही. जायफळ सावलीत वाढणारे झाड आहे. वरचे छत्र गेल्यावर पावसाने उघडीप दिलेल्या आठवड्यात त्याची पाने भाजल्यासारखी तपकिरी झाली आणि आजोबांनी लावलेली दोन झाडे गेली. वीज यायला काही आठवडे लागले.

सरकारने फळबागांसाठी मदत वाढवून हेक्टरी ५०,००० रुपये केली. मदतीची रक्कम वाढली हे खरेच, पण किनाऱ्यावरचे आगर हेक्टरात मोजले जात नाही, ते गुंठ्यात मोजले जाते, आणि हेक्टरी ५०,००० म्हणजे गुंठ्याला साधारण ५०० रुपये होतात. एका गुंठ्यात पोफळीची दहा-बारा झाडे असतात. पडलेले एक झाड तोडून, ओंडके करून बाहेर काढण्याची मजुरीच त्यातून भागत नाही. पोफळ लावल्यापासून धरायला सहा ते आठ वर्षे लागतात हेही इथे सांगायला हवे, कारण आज आगरात दिसणारी बरीचशी झाडे त्या पावसाळ्यानंतर लावलेली आहेत. आधी येऊन गेलेल्या अनेक पाहुण्यांनी पुढच्या मुक्कामाचे पैसे, मुक्काम कधी होईल हे ठाऊक नसताना, त्या जूनमध्येच पाठवून दिले. पडवीचे छप्पर त्या पैशांतून उभे राहिले. नवी मंगलोरी कौले मिळेनात, तेव्हा तालुक्यात पाडल्या जाणाऱ्या जुन्या घरांची कौले विकत घेतली; पडवीत वर पाहिलेत तर तीन वेगवेगळ्या छापांची कौले एकाच ओळीत दिसतील.

दुरुस्तीत काय बदलले आणि काय तसेच ठेवले?

संडास आणि न्हाणीघर खोल्यांना जोडून दिले, हा सर्वांत मोठा बदल. त्यासाठी जुन्या भिंती फोडल्या नाहीत. मागच्या अंगाला उतरते छप्पर वाढवून त्याखाली ती बांधली. गोठ्याच्या दोन खोल्या झाल्या, तिथली गव्हाणीची दगडी कड तशीच ठेवली आहे आणि पाहुणे तिच्यावर पुस्तके ठेवतात. माजघर आणि ओटी यांची जमीन शेणाने सारवलेली आहे, खोल्यांत मात्र लाल फरशी घातली. देवघरात पूजा घरच्या माणसांचीच असते, त्यामुळे ती खोली पाहुण्यांना दिली जात नाही. चूल रोज पेटते. गॅस आहे, पण चुलीचा धूर वाशांसाठी लागतो.

शेती अजून चालते की पाहुण्यांना दाखवण्यापुरती आहे?

चालते, आणि तिच्यासाठीच बाकीचे आहे. दापोलीला १९७२ साली कृषी विद्यापीठ झाले त्याचा आमच्या आगराला प्रत्यक्ष उपयोग झाला. माडांच्या मधल्या जागेत जायफळ, दालचिनी, मिरी यांची शिस्तशीर लागवड करण्याची त्यांची पद्धत ‘लाखीबाग’ म्हणून ओळखली जाते. वडिलांनी ती पाहून येऊन इथे केली. सुपारी श्रीवर्धनी जातीची आहे. ती उतरवल्यावर खळ्यात महिना-दीड महिना वाळते, या काळात आलेल्या पाहुण्यांना गाडी बाहेर पाखाडीपाशी लावावी लागते, कारण खळे रिकामे नसते. त्याबद्दल कुणी नाराजी दाखवली तर आम्ही दिलगिरी व्यक्त करतो, सुपारी मात्र हलवत नाही.

जेवणात काय असते?

आगरात आणि गावात त्या दिवसांत जे असेल ते: तांदळाची भाकरी, कुळथाचे पिठले, फणसाची भाजी, आठळ्या घातलेली पालेभाजी, आमसुलाचे सार किंवा सोलकढी, सकाळी घावन किंवा आंबोळी. घरच्या स्वयंपाकघरात मासे होत नाहीत. ज्यांना हवे असतील त्यांच्यासाठी शेजारच्या कोळीवाड्यातल्या मावशी हर्णैच्या लिलावातून ताजी मासळी आणून आपल्या घरी रांधून देतात, आणि त्याचे पैसे त्यांनाच द्यायचे असतात.

गणपतीत आणि शिमग्यात राहायला येता येईल का?

नाही. त्या दिवसांत घर घरच्यांचे असते. एकवीस नावांच्या मागे असलेली माणसे तेव्हा येतात आणि ओटीवर गाद्या कमी पडतात.

आमचेही कोकणात घर बंद आहे. आम्हाला असे काही करता येईल का?

करता येईल, परंतु सुरुवात खोल्यांपासून करू नये. सातबारा काढून त्यावर कोणाकोणाची नावे आहेत ते पाहावे, वारसनोंदी पुऱ्या कराव्यात आणि घराच्या नावाने बोलायला एकाला लेखी अधिकार द्यावा. राज्याची निवास व न्याहारी योजना घरगुती सोयीसाठीच आहे, आणि २०२० साली राज्याने कृषी पर्यटनाचे धोरणही आणले, तेव्हा नोंदणीचा मार्ग उपलब्ध आहे. खरा प्रश्न असतो तो वर्षाचे बारा महिने तिथे कोण राहणार, हा. मुंबई-पुण्याहून शनिवार-रविवारी येऊन हे चालत नाही. भावकीत तसे कुणी नसेल तर गावातल्याच एखाद्या विश्वासू कुटुंबाला घरात राहायला द्यावे, चुलीसह. पाहुणे आले नाहीत तरी घर उभे राहील.

आमचे पूर्वज याच गावचे. जुनी कागदपत्रे किंवा छायाचित्रे पाहायला मिळतील का?

जरूर मिळतील. अर्धेलाच्या नोंदी असलेल्या वह्या, काही मोडी कागद आणि मनीऑर्डरीच्या पावत्या एका पेटीत जपून ठेवल्या आहेत. ज्या कुळांची नावे त्यांत आहेत त्यांच्या वंशजांना त्यांच्या पानांच्या प्रती आम्ही विनामूल्य देतो आणि आतापर्यंत चार घरांनी त्या नेल्या आहेत.

आम्हालाही एक मागायचे आहे. चालत्या रहाटाचे एकही छायाचित्र आमच्याकडे नाही. त्या काळी कॅमेरा असे तो मुंबईकरांकडे, आणि ते फोटो काढत ते ओटीवर बसलेल्या माणसांचे. तुमच्या घरच्या जुन्या अल्बममध्ये या विहिरीवर, मागे रहाट दिसत असलेला एखादा फोटो असेल, मग त्यात माणसे कोणतीही असोत, तर तो आम्हाला पाहायला द्यावा. प्रत काढून मूळ फोटो हातोहात परत करू.